गृहव्यवहार : बेताच्या किंमतीचा टॅब्लेट

दहा-पंधरा हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळणारा टॅब्लेट घरांत घ्यावा कीं घेऊं नये, आणि घ्यावयाचाच झाला तर तो कसा पारखून घ्यावा, याविषयीं एकदां सविस्तर लिहावें, अशी सूचना या सदराच्या वाचकांकडून वरचेवर येत असते. सूचना करणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो कीं, घरांत माणसागणिक मोबाइल असतांना हें आणखी एक खूळ कशाला? दुसरा म्हणतो कीं, वडील मंडळींना मोबाइलवरचीं बारीक अक्षरें दिसत नाहींत, दिवाणखान्यांतला टी. व्ही. एका वेळीं एकाच्याच मर्जीनें चालतो, आणि लॅपटॉप असतो तो ऑफिसचा. तेव्हां मधलें कांहीं तरी साधन हवें. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. परंतु तो कांहीं अटींवर, आणि त्या अटी दुकानदार सांगत नाहीं.

स्वस्त टॅब्लेट म्हटला कीं पुष्कळांना अजून 'आकाश' आठवतो. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्ली येथें तेव्हांचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनीं त्याचें प्रकाशन केलें. डेटाविंड कंपनीनें तयार केलेलें हें यंत्र सरकारला सुमारें २,२५० रुपयांस पडणार होतें. सात इंचांचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट रॅम, एवढी त्याची शिदोरी. पडदाही बोटाच्या स्पर्शानें नव्हे, तर दाबानें चालणारा. पुढें या योजनेंत पवईच्या आय. आय. टी.चा हात लागला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें 'आकाश-२' बाहेर आला. त्यांत स्पर्शानें चालणारा पडदा आणि दुप्पट रॅम होती. कल्पना उदात्त होती यांत शंका नाहीं. पण आधीं किंमत ठरवावयाची आणि मग त्या किंमतींत जें बसेल तें यंत्र म्हणावयाचें, हा क्रम तेव्हां जसा अडचणीचा ठरला तसा आजही ठरतो. आजच्या बेताच्या टॅब्लेटांत चार गीगाबाइट रॅम असते, म्हणजे पहिल्या 'आकाशा'च्या सोळापट. तथापि तेवढ्याच काळांत संकेतस्थळांचें वजनही वाढलें आहे, आणि वापरणाऱ्याचा धीर कमी झाला आहे.

प्रथम पडद्याचा विचार करूं. पडद्याचें माप इंचांत सांगतात तें कर्णाचें असतें. त्यावरून यंत्र हातांत मावेल कीं नाहीं एवढेंच कळतें. खरी गोष्ट म्हणजे त्या मापांत बिंदु किती मावले आहेत ही. दहा इंचांच्या स्वस्त टॅब्लेटवर बहुधा १२८० × ८०० असा आंकडा आढळतो, आणि थोडे अधिक पैसे टाकल्यास १९२० × १२०० चा पडदा मिळतो. पहिल्यांत सुमारें दहा लाख बिंदु, दुसऱ्यांत तेवीस लाख. एका इंचांत पहिल्याचे दीडशें पडतात, दुसऱ्याचे सव्वादोनशें. चित्रपटासाठीं दुसरा पाहिजे, वाचनाला पहिला पुरे, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस तो उलटा वाटतो. चित्रपटांतील चित्र हलतें असतें, आपण तें हातभर अंतरावरून पाहतों, आणि डोळा पुष्कळ कांहीं सोडून देतो. अक्षर मात्र जागच्या जागीं स्थिर असतें. त्यांतही आपलें देवनागरी अक्षर! वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खालीं उकार, मध्यें 'राष्ट्रा'तल्यासारखें एखादें जोडाक्षर. इंग्रजी मजकूर ज्या पडद्यावर खपून जातो त्याच पडद्यावर मराठी मजकूर चुरगळल्यासारखा दिसतो. ज्या घरांत टॅब्लेट मुख्यतः वर्तमानपत्र आणि पुस्तक वाचण्यासाठीं घ्यावयाचा असेल त्यांनीं दोन हजार रुपये अधिक लागले तरी अधिक बिंदूंचा पडदाच घ्यावा. दुकानांत कंपनीचा झगझगीत नमुना-चित्रपट न पाहतां एखाद्या मराठी वर्तमानपत्राचें पान उघडून पाहावें. दोन मिनिटांत निकाल लागतो.

चित्रपटाच्या बाबतींत फसगत होते ती निराळ्याच ठिकाणीं. खोक्यावर 'फुल एच. डी.' असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें, पडदाही तसाच असतो, आणि घरीं आणून नेटफ्लिक्स लावावें तों चित्र धुरकट. इंटरनेटवाल्याला दोष दिला जातो; तो बिचारा निर्दोष असतो. याचें कारण असें कीं, पैसे घेऊन चित्रपट दाखविणाऱ्या संस्था आपलें चित्र कुलुपबंद करून पाठवितात, म्हणजे त्याची कोणी नक्कल करूं नये. ॲन्ड्रॉइड यंत्रांवर हें कुलूप बहुधा 'वाइडवाइन' नांवाचें असतें. ही पद्धति काढणारी कंपनी गूगलनें २०१० मध्यें विकत घेतली. कुलुपाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ज्या यंत्रांत किल्ली फिरविण्याचें काम प्रोसेसरच्या एका सुरक्षित कोपऱ्यांत होतें तें यंत्र 'एल्-वन'. ज्यांत तें उघड्यावर, सामान्य सॉफ्टवेअरच्या आधारानें होतें तें 'एल्-थ्री'. एल्-थ्री यंत्राला नेटफ्लिक्स ४८० पीहून वरचें चित्र देतच नाहीं. म्हणजे पडदा वीस लाखांहून अधिक बिंदु दाखविण्यास समर्थ असतांना चित्र येतें तें चार लाख बिंदूंचें, आणि बाकीची जागा यंत्र ताणून भरून काढतें. कित्येक स्वस्त टॅब्लेट अशा एल्-थ्री जातीचे असतात, आणि तें खोक्यावर लिहिण्याचा प्रघात नाहीं. मागाहून पाहावयाचें झाल्यास नेटफ्लिक्सच्या ॲपमधील सेटिंग्जमध्यें 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' म्हणून एक ओळ असते, तींत ही पायरी आणि मिळणारें सर्वांत मोठें चित्र, दोन्ही लिहिलेलीं असतात. घेण्यापूर्वीं दुकानांतील नमुन्यावरच ती ओळ उघडून दाखवावयास सांगावें. दुकानदार जरा त्रासतो. त्याला त्रासूं द्यावें.

तथापि या एका गोष्टीसाठीं जीव टाकण्याचें सर्वांनाच कारण नाहीं. यूट्यूबवरील नेहमींचीं चित्रें या कुलुपांत नसतात. तीं कोणत्याही यंत्रावर पडद्याला झेपतील तेवढीं स्वच्छ दिसतात. शिवाय नेटफ्लिक्सनें भारतांत जुलै २०१९ मध्यें मोबाइल-टॅब्लेटपुरती जी स्वस्त वर्गणी काढली आणि जिची किंमत डिसेंबर २०२१ मध्यें दरमहा १४९ रुपयांवर आणली, तिच्यांत चित्रच ४८० पीचें आहे. ती वर्गणी भरणाऱ्यानें एल्-वनसाठीं अधिक पैसे मोजणें म्हणजे बैलगाडीला मोटारीचे दिवे लावणें होय.

आणि घरांतील वडील मंडळी पाहतात तरी काय? कीर्तन, प्रवचन, जुनी नाट्यगीतें, दूरदर्शनच्या मालिका, प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम'. या चित्रांची मूळ प्रतच जेथें धूसर, तेथें पडद्यानें काय करावें? अशा घरांत पैसा आवाजावर खर्च झाला पाहिजे. स्वस्त टॅब्लेटचा कर्णा बहुधा एका कडेला, कधीं कधीं पाठीमागें असतो, म्हणजे टॅब्लेट मांडीवर ठेवला कीं आवाज सतरंजीला ऐकूं जातो. ऐकूं कमी येणाऱ्या माणसाला गोंगाट वाढवून उपयोग नसतो. शब्द सुटा ऐकूं यावा लागतो. दोन्ही बाजूंस कर्णे असलेला टॅब्लेट पाहावा, आणि तारेचा हेडफोन लावण्याचें भोंक आहे ना हें तपासावें, कारण बिनतारेचीं तीं इवलीं बोंडें आजोबांच्या हातून पलंगाखालीं जातात आणि मग सारें घर तीं शोधीत बसतें. (नोव्हेंबर २०२४ मध्यें गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाच्या वेळीं प्रसारभारतीनें 'वेव्ज' नांवाचें ॲप सुरू केलें, दूरदर्शनच्या जुन्या मालिका शोधणाऱ्यांनीं तें अवश्य पाहावें.)

रॅमविषयीं एक शब्द. 'चार अधिक चार, एकूण आठ' अशी जाहिरात दिसली तर त्यांतील दुसरे चार खरे नव्हेत असें समजावें. ती साठवणीची जागा असून ती तात्पुरती रॅमसारखी वापरतात. माजघर लहान पडलें म्हणून माळ्यावर पानें मांडण्यासारखाच हा प्रकार; जेवण होतें, पण वाढणाऱ्याची चढउतार होते. खरी चार जी. बी. रॅम वाचन आणि चित्रपट यांना पुरते. दोन जी. बी.चा टॅब्लेट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये.

यापेक्षां मोठी गोष्ट यंत्राच्या सचोटीची आहे. अनोळखी नांवाचीं अतिस्वस्त यंत्रें कधीं कधीं कारखान्यांतूनच दूषित होऊन येतात. २०२३ मध्यें अमेरिकेंतील 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फौंडेशन' या संस्थेनें खास लहान मुलांसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त टॅब्लेटची तपासणी केली, तेव्हां त्यांत घातक सॉफ्टवेअरच्या खुणा आधींपासूनच आढळल्या. आपल्याकडे दोन खुणा पाहाव्या. टॅब्लेटवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी-क्रमांक असलाच पाहिजे. तो 'आर'नें सुरू होतो आणि ब्यूरोच्या 'बी. आय. एस. केअर' या ॲपवर पडताळतां येतो. दुसरें, प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्यें 'अबाउट'खालीं यंत्र प्रमाणित असल्याची नोंद हवी. ही नोंद नसलेलें यंत्र फुकट मिळालें तरी घरांत आणूं नये. तसेंच सुरक्षेच्या दुरुस्त्या, म्हणजे ज्यांना अपडेट म्हणतात त्या, कंपनी किती वर्षें देणार हें विचारून घ्यावें. गेल्या वर्षाचें नामांकित यंत्र या वर्षाच्या अनामिकापेक्षां केव्हांही बरें.

सिमकार्ड घालण्याची सोय असलेला टॅब्लेट घ्यावा कीं केवळ वायफायवर चालणारा? घरांतील वृद्धांसाठीं घ्यावयाचा असेल तर आमचें उत्तर निःसंदिग्ध आहे : केवळ वायफायचा. तो हजार-दोन हजारांनीं स्वस्त पडतो, हें कारण दुय्यम. मुख्य कारण असें कीं, बँकेचे ओ. टी. पी. सिमकार्डावर येतात आणि यू. पी. आय.ची नोंदणीही यंत्रांतील सिमकार्डावरून एस. एम. एस. जाऊनच होते. ज्यांत सिमच नाहीं त्यावर फोन येत नाहीं, ओ. टी. पी. येत नाहीं, आणि पैसे सहजासहजीं जात नाहींत. वाचनाची खोली आणि तिजोरीची खोली यांत भिंत राहते. ही भिंत टिकवावयाची तर टॅब्लेटवर व्हॉट्सॲप जोडूं नये आणि बँकेचें ॲपही घालूं नये.

घर मोबाइलच्या डेटावर चालत असेल तर हिशेब असा : नेटफ्लिक्सच्याच आंकड्यांप्रमाणें साध्या चित्राला तासाला एक जी. बी.पर्यंत आणि एच. डी. चित्राला तीन जी. बी.पर्यंत डेटा लागतो. दिवसाला दोन जी. बी.चा रिचार्ज एच. डी.मध्यें चाळीस मिनिटांत संपतो, साध्या चित्रांत दोन तास पुरतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गीगाहर्ट्झचें वायफाय फारसें पार होत नाहीं, २.४चें होतें. माजघरांत चित्र अडखळत असेल तर टॅब्लेटला नांवें ठेवण्यापूर्वीं हें बदलून पाहावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों. एकत्र कुटुंबांत टॅब्लेट येतो तो घराचा म्हणून येतो. सकाळीं आजोबा त्यावर वर्तमानपत्र वाचतात, दुपारीं आजी कीर्तन ऐकतात, शाळेंतून आलेलें मूल तो पळवितें, आणि रात्रीं जेवणें उरकून, ओटा पुसून झाल्यावर सुनेच्या वांट्याला येतो तेव्हां बॅटरी पांच टक्क्यांवर असते. यावर उपाय वेळापत्रकाचा, आणि तो घरच्या वडिलांनींच घालून द्यावा हें उत्तम. परंतु याहून नाजूक अशी एक बाब आहे. सगळीं माणसें एकाच खात्यावर टॅब्लेट वापरूं लागलीं कीं प्रत्येकानें काय शोधलें, काय वाचलें, काय अर्धें पाहून सोडलें, याची यादी पुढच्या माणसापुढें आपोआप येते. सूनबाईंनीं दुपारीं आपल्या प्रकृतीच्या एखाद्या तक्रारीसंबंधीं कांहीं वाचलें असेल. एखाद्या नोकरीची जाहिरात चाळली असेल. माहेरच्या वांटणींत मुलीचा हक्क किती, हें पाहिलें असेल. रात्रीं मामंजींनीं शोधपट्टींत पहिलें अक्षर लिहिलें कीं तें सारें खालीं उलगडतें. पूर्वीं टपालानें आलेलें मासिक प्रथम बाहेरच्या खोलींत जाई आणि मग माजघरांत येई. पण कोणतें पान कोणी पुन्हां उलटून वाचलें याची नोंद तरी तें मासिक ठेवीत नसे.

यांतून होतें काय, तर कोणी भांडत नाहीं, कोणी कांहीं बोलत नाहीं. ती बाई त्या टॅब्लेटवर वाचणें सोडून देते, एवढेंच. घरांत ज्ञानाचें एक साधन आलें आणि ज्या व्यक्तीला त्याची सर्वांत अधिक गरज तिच्यासाठीं तें बंद झालें.

याला उपाय सोपा असून तो विनामूल्य आहे. २०१२ मधील ॲन्ड्रॉइड ४.२ पासून टॅब्लेटवर अनेक 'यूजर' करण्याची सोय आहे. प्रत्येकाचें दार वेगळें, कुलूप वेगळें, आंतलीं पुस्तकें वेगळीं. ज्यानें टॅब्लेट प्रथम चालू केला तो दुसऱ्याचें खातें काढून टाकूं शकतो, पण त्यांत डोकावूं शकत नाहीं. मात्र कांहीं उत्पादक ही सोय गाळतात, म्हणून विकत घेतांना सेटिंग्जमध्यें 'यूजर्स' हा शब्द शोधावा. खातीं अनेक झालीं कीं जागा अधिक लागते, चौसष्ट जी. बी. अपुरी पडेल, एकशेंअठ्ठावीस घ्यावी. नेटफ्लिक्समध्येंही पांचांपर्यंत वेगवेगळे प्रोफाइल करतां येतात आणि त्या प्रत्येकाला चार आंकड्यांचें कुलूप लावतां येतें. "आपल्या घरांत लपवावयाचें काय असतें?" असा प्रश्न येईलच. आपण खोलीचें दार लोटून घेतों तें कांहीं लपवावयाचें असतें म्हणून नव्हे. सासूबाईंनींच पुढाकार घेऊन "माझें वेगळें कर आणि तुझेंही कर" असें म्हटल्यास तंट्याला जागाच राहत नाहीं. आणि आमचा अनुभव असा आहे कीं, एकदां सोय झाली म्हणजे तिचा सर्वांत अधिक उपयोग वडील मंडळीच करतात.

मुलांविषयीं फार लिहीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें असें सुचविलें कीं, वर्षाआंतील मुलाला पडदा दाखवूंच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाला तासाहून अधिक नको, त्याहून कमी तर अधिक चांगलें. जेवतांना घांस भरविण्यासाठीं टॅब्लेट पुढें धरणाऱ्या आयांना आणि आज्यांना हें रुचणार नाहीं. थोरल्या मुलाला गणित पाहण्यापुरता टॅब्लेट द्यावयाचा असेल तर 'ॲप पिनिंग'नें तें एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवतां येतें.

ब्राउझिंगमध्यें वृद्धांना दोन त्रास होतात : अक्षर लहान, आणि जाहिराती फार. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें अक्षराचें माप दीडपट करून द्यावें, आणि ज्या चार-सहा जागा ते रोज पाहतात त्या पहिल्या पडद्यावर चिकटवून द्याव्या, म्हणजे शोधावयास भटकणें नको. त्या जागा कोणत्या असाव्या? वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं सिद्ध झालेला आणि १९७६ पासून खंडशः निघालेला 'मराठी विश्वकोश' आतां विनामूल्य वाचतां येतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', दोन्ही शिकागो विद्यापीठानें शोधतां येतील अशा रूपांत ठेवले आहेत. ज्या घरांत शब्दावरून वाद होतात तेथें एवढ्यानेंच टॅब्लेटचे पैसे वसूल होतील.

"तुमच्या यंत्रांत व्हायरस शिरला आहे, येथें दाबा" अशी लाल अक्षरांतील पाटी मध्येंच उगवली तर ती जाहिरात समजून पान बंद करावें. पोलिस किंवा न्यायाधीश म्हणवून कोणी पडद्यावरून 'डिजिटल अटक' केली असें सांगूं लागल्यास असा प्रकार भारताच्या कोणत्याही कायद्यांत नाहीं, हें आजी-आजोबांना आधींच, शांतपणें, एकदां नव्हे दोनदां सांगून ठेवावें. पैसे गेलेच तर लाजेनें गप्प न बसतां त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करावा. घरांतल्यांनीं रागावूं नये. रागाच्या भीतीनेंच माणसें तो तास दवडतात.

बॅटरी उशीखालीं ठेवून चार्ज करूं नये, आणि टॅब्लेटची पाठ फुगलेली दिसली तर त्याच दिवशीं वापर थांबवावा. जुना टॅब्लेट कामवाल्या बाईंच्या मुलाला किंवा भाच्याला द्यावयाचा असेल तर आधीं त्यांतील सर्व यूजर आणि गूगल खातें काढावें आणि मग तो कोरा करावा. क्रम उलटा झाला तर २०१५ पासून आलेल्या चोरीविरोधी कुलुपामुळें नव्या माणसापुढें तुमचाच पासवर्ड मागत तो अडून बसतो. सेकंडहँड घेणाऱ्यानेंही विकणाऱ्याकडून खातें आपल्यासमोर काढवून घ्यावें, आणि मगच पैसे मोजावे.